ओळखीचं गिऱ्हाईक

धारहून मांडवगडाकडे, म्हणजे मांडूकडे जाताना, दहाएक किलोमीटर उरले की नालछा लागतं. पर्यटकांच्या गाड्या इथे फार तर चहापुरत्या थांबतात. जहाजमहाल आणि राणी रूपमतीचा झरोका समोर असताना बाजारपेठेत कोण रमणार? पण आसपासच्या भिल-भिलाला पाड्यांना आणि पठारावरच्या सोयाबीनवाल्यांना बियाणं, खत, पत्रे, लग्नाचं कापड, सगळं इथूनच न्यायचं असतं. विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यातल्या ओळखीवर बोलायला मला महानगरातल्या मॉलपेक्षा ही जागा बरी वाटते. इथे गिऱ्हाईक बदलायला माणसंच मोजकी आहेत.

पुढे बोलणारे काका आणि त्यांची पुतणी म्हणजे अमुक एक व्यक्ती नव्हेत. पवारांच्या राज्याबरोबर धार-देवासला आलेल्या आणि राज्य विलीन झाल्यावरही इथेच राहिलेल्या मराठी घरांत अशी माणसं भेटतात. त्यांच्या तोंडचे मुद्दे मी एका बैठकीत आणले आहेत, एवढंच. काकांचं नालछ्यात बियाणं-खतं-औषधांचं दुकान. पुतणी कृषी पदवीधर, वर इंदूरची एमबीए, एका बियाणे कंपनीची धार आणि देवास या दोन जिल्ह्यांची विक्री बघते. म्हाताऱ्या दुकानदाराने जिव्हाळ्याची बाजू घ्यावी आणि तरुण मुलीने ॲपची, असं कुणालाही वाटेल. इथे नेमकं उलटं आहे. ओळखीवर श्रद्धा आहे ती पुतणीची. काकांना ओळखीची धास्ती वाटते.

"आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात," पुतणी म्हणते, "माल नंतर, माणूस आधी. माझ्या प्रत्येक डीलरच्या घरी मी जेवलेली आहे. कुणाची मुलगी बारावीला आहे, कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सगळं मला ठाऊक असतं."

"ठाऊक असतं की लिहून ठेवलेलं असतं?"

"दोन्ही. ॲपमध्ये 'वैयक्तिक' म्हणून रकानाच आहे."

"म्हणजे त्या बाईच्या डोळ्याची चौकशी तू करतेस ती मोबाइलने आठवण करून दिली म्हणून."

"काका, तुम्ही वहीत नाही लिहीत? कोणाच्या घरी तेराव्याचा नुक्ता आहे, कोणाचं लग्न ठरलंय?"

"लिहितो. पण ते वसुलीसाठी. ज्याच्या घरी तेरावं आहे त्याच्याकडे त्या महिन्यात पैसे मागायला जायचं नसतं. मी त्याला प्रेम म्हणत नाही."

पुतणीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डेल कार्नेगी यांचं माणसं जोडण्यावरचं प्रसिद्ध पुस्तक १९३६ सालचं. समोरच्याचं नाव लक्षात ठेवा, त्याला बोलू द्या, त्याच्या आवडीचं बोला, हे त्यातले सल्ले आज प्रत्येक विक्री-प्रशिक्षणात कुठल्या ना कुठल्या रूपात येतात, कारण ते चालतात. नाव घेऊन हाक मारणाऱ्याकडे माणूस वळतो. मला प्रश्न पडतो तो पुढचा: वळल्यावर त्याला पुन्हा दुसरीकडे वळता येतं का?

काकांची तक्रार नेमकी इथूनच सुरू होते.

"मागे एकदा बाजारातल्या एका दुकानातून सोयाबीनचं बी गेलं. उगवण झाली निम्मी. पाऊस वेळेवर, ओल बरोबर, पेरणी बरोबर, खोट बियाण्यातच. दुकानदार मोठा मनमिळाऊ. गावोगावच्या लग्नांना जाणारा, पोराला पहिलं दप्तर घेऊन देणारा. आता सांग, त्याच्याकडे तक्रार घेऊन कोण गेलं असेल?"

"सगळेच गेले असतील."

"एकही ओळखीचा गेला नाही. सेठने आपल्या पोरीच्या लग्नात गाडी दिली, त्याच्याशी बियाण्यावरून कसं भांडायचं! कुणी उसनं बी आणून दुबार पेरलं, कुणी तेवढं रान मक्याला टाकलं. आणि एक होता परगावचा, पहिल्यांदाच त्या दुकानी चढलेला. तो पिशवीचा टॅग, लॉट नंबर, पक्कं बिल घेऊन आला आणि म्हणाला, कृषी विभागात जातो. त्याला तिसऱ्या दिवशी पैसे परत मिळाले. अनोळखी माणसाला भरपाई, ओळखीच्यांना भीड. ही तुझी वैयक्तिक ओळख."

"हा त्या दुकानदाराचा दोष झाला, ओळखीचा नाही."

"दुकानदार लबाड नव्हताच. त्याला कुणी सांगितलंच नाही, तर कळणार कसं? नात्याने गिऱ्हाइकाचं तोंड बंद केलं आणि दुकानदाराचे कान."

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते बहुधा देणाऱ्याच्या बाजूने. मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही म्हणून देणारा बुडतो. काका ते विकत घेणाऱ्याच्या बाजूने बघतात, आणि विक्रीच्या पुस्तकांत ही बाजू मला फारशी दिसलेली नाही. तिथे गिऱ्हाइकाच्या निष्ठेचं कौतुक असतं. ती मनापासून आहे की संकोचापोटी, हे विक्रीच्या आकड्यात उमटत नाही.

बियाण्याच्या धंद्यात तर ओळखीवर जास्तच चालतं. संकरित मका दर वर्षी विकत घ्यावा लागतो, सोयाबीनचं तसं नाही. ते स्वपरागी पीक; घरचं बी दोन-तीन वर्षं सहज चालतं. माळव्यात जे. एस. ३३५ हा जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा वाण वर्षानुवर्षं टिकला तो शेतकऱ्यांनी एकमेकांना दिलेल्या बियाण्यावरही. कंपनीला पिशवी विकायची तर घरच्या बियाण्यावरचा विश्वास हलवावा लागतो आणि स्वतःवरचा बसवावा लागतो. सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक, पोतं आपटलं तरी उगवणशक्ती जाते, त्यामुळे विकत घ्यायला कारणही असतं. पण दाण्याकडे बघून काही कळत नाही. शेतकरी ज्याच्याकडून घेतो त्याच्याकडे बघतो.

"म्हणूनच ओळख लागते," पुतणी लगेच म्हणते. "आम्हाला एमबीएला क्लिफर्ड गिर्ट्झ यांचा १९७८ चा लेख होता, मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजारावरचा. कोणता माल चांगला, कोणता भाव खरा, काहीच धड माहीत नसतं. म्हणून माणूस दर वेळी सगळा बाजार पालथा घालत नाही, ठरलेल्या दुकानदाराकडेच पुन्हा जातो. ओळख हा अडाणीपणा नाही काका, माहिती कमी असतानाचा शहाणपणा आहे."

"त्या साहेबाने पुढे काय लिहिलंय?"

"पुढे लिहिलंय की हे नातं बरोबरीचं असतं, आणि दोघं शेवटपर्यंत एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे असतात. घासाघीस सुटत नाही."

"मग तो माझ्याच बाजूचा दिसतो. बरोबरीचं! आपल्या पाड्यांवर ते कुठे सापडलं तुला? इथे चांदी गहाण टाकणारा आणि ठेवून घेणारा यांची तीन-तीन पिढ्यांची ओळख असायची. साहुकाराला आजोबांचं नाव ठाऊक, बैलांची नावं ठाऊक. त्यापेक्षा जास्त वैयक्तिक ओळख तुझ्या ॲपमध्ये आहे का?"

हा घाव वर्मी बसतो, कारण तो इतिहासाला धरून आहे. पश्चिम मध्य प्रदेशच्या आदिवासी पट्ट्यात कर्ज ही कधीच परकी, कागदी गोष्ट नव्हती. ती ओळखीतून मिळे आणि ओळखीतूनच वसूल होई. हिशोब एकाच वहीत, आणि ती वही एकाच घरात. २०२० साली राज्य सरकारला कायदा करावा लागला, की अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींवरची बिनपरवाना सावकारांची त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपर्यंतची कर्जं फेडायची गरज नाही. नालछा त्या क्षेत्रात येतं. कायदा झाला म्हणून चांदीचे सगळे कडे-तोडे घरी परतले असतील, असं मी म्हणणार नाही. पण जे नातं मोडायला विधानसभेत विधेयक आणावं लागतं ते किती घट्ट असेल!

पुतणी थोडा वेळ गप्प राहते. मग आपलं सगळ्यात आवडतं उदाहरण काढते, आणि ते याच राज्यातलं आहे.

"ई-चौपाल. बोला आता."

आयटीसी कंपनीने जून २००० मध्ये मध्य प्रदेशच्या सोयाबीन पट्ट्यात ई-चौपाल सुरू केली. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक, छतावर उपग्रहाची तबकडी, वीज जाते म्हणून सौर पट्ट्या. त्यावर मंड्यांचे भाव आणि कंपनीचा स्वतःचा भाव दिसे. भाव पटला तर माल कंपनीच्या केंद्रावर न्यायचा, नाही पटला तर नेहमीच्या मंडीत. ज्याच्या घरी संगणक, तो 'संचालक'. त्याला टनामागे कमिशन मिळे. आणि काम सुरू करण्याआधी त्याने गावासमोर जाहीर शपथ घ्यायची असे, की मी सगळ्यांचं काम बघीन.

"शपथ!" पुतणी म्हणते. "एवढी मोठी कंपनी, संगणक, उपग्रह, पण गावात शिरायला तिला गावातलाच, ओळखीचाच माणूस लागला. आणि मंडीतल्या जुन्या आडतियांनाही तिने हाकललं नाही. संयोजक म्हणून सोबत घेतलं, कारण त्यांच्याकडे पिढ्यांच्या ओळखी होत्या. यंत्र कुणीही विकत घेईल. ओळख विकत मिळत नाही."

"मी तेव्हा सोयाबीन घेऊन गेलेल्या लोकांशी बोललोय," काका म्हणतात. "शपथेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे काट्याबद्दल बोलत होते."

"काट्याबद्दल?"

"मंडीत काय होई? लिलावात ढीग ओतायचा, व्यापारी मूठभर उचलून बघणार, भाव बोलणार. मग तोल. तुलावटीच्या हातात तराजू, हम्मालाच्या पायाशी सांडलेला माल, आणि शेतकरी उभा दोन्ही हात बांधून. सांडलेलं त्याचं नव्हे. वजनात कुठे किती गेलं ते त्याला कळायचं नाही. कंपनीकडे ट्रॉली चढली इलेक्ट्रॉनिक काट्यावर, लाल आकडे समोर दिसले, ओलावा यंत्राने मोजला, पैसे तिथेच हातात. बसायला खुर्ची. लोक पुन्हा गेले ते त्या लाल आकड्यांसाठी. संचालक कोणाचा मेव्हणा आहे ते त्यांना घरीच ठाऊक होतं, त्यासाठी एवढ्या लांब ट्रॉली न्यायची गरज नव्हती."

"पण पहिल्यांदा गेले ते संचालकाच्या शब्दावर."

"ते खरं."

"मग?"

"पहिल्यांदा कुणाच्याही शब्दावर जातात. दुसऱ्यांदाचं बोल."

या वादात अर्थशास्त्रातला एक अभ्यास कामाला येतो. अपराजिता गोयल यांचा मध्य प्रदेशातल्या सोयाबीन मंड्यांवरचा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या भागांत ही केंद्रं उघडली तिथल्या मंड्यांतही सोयाबीनचे भाव वाढले, साधारण १ ते ३ टक्क्यांच्या आसपास, आणि सोयाबीनखालचं क्षेत्रही वाढलं. मला यातलं 'मंड्यांतही' महत्त्वाचं वाटतं. जो शेतकरी कंपनीकडे गेलाच नाही, ज्याचा संचालकाशी काही संबंध आला नाही, त्यालाही आपल्या जुन्या व्यापाऱ्याकडून थोडा बरा भाव मिळू लागला. व्यापाऱ्याचा स्वभाव काही बदलला नव्हता. हा माणूस उद्या दुसरीकडे जाऊ शकतो, हे त्याला कळलं होतं. इथे माझा कल काकांकडे जातो. पूर्ण नाही, पण बारा आणे नक्की.

काकांनी आणखी एक दाखला ठेवलेला असतो, आणि तो नालछ्याचा अभिमान म्हणून येतो. तेराव्या शतकात या गावाला नलकच्छपुर म्हणत. घोरीच्या स्वाऱ्यांमुळे राजस्थानातलं मांडलगड सोडून धारला आलेले जैन पंडित आशाधर पुढे इथेच येऊन राहिले आणि इथल्या नेमिनाथ मंदिरात बसून त्यांनी ग्रंथ लिहिले. गृहस्थाच्या आचारावरचा त्यांचा 'सागारधर्मामृत' हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यावरची त्यांची स्वतःची टीका विक्रम संवत १२९६ ची, म्हणजे इसवी सन १२३९ च्या सुमाराची. गृहस्थाची लक्षणं सांगताना ते सुरुवात करतात न्यायाने मिळवलेल्या धनापासून. अचौर्यव्रताचे दोष येतात तिथे चोरीचा माल घेणं आहे, घ्यायचं माप एक आणि द्यायचं दुसरं हे आहे, भेसळ आहे.

"शेजारचे जैन सेठ सांगतात ते हेच," काका म्हणतात. "माप, भेसळ, चोरीचा माल. गिऱ्हाइकाच्या घरी जेवायला जा, असं पंडितजींनी कुठे सांगितलेलं त्यांना सापडलं नाही."

"तो धर्मग्रंथ आहे काका, सेल्स मॅन्युअल नाही."

"माझ्या दुकानात त्यानेच जास्त माल खपवलाय."

पुतणीकडेही नालछ्याचा एक माणूस आहे. सर जॉन माल्कम. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर माळव्याची व्यवस्था लावायला राहिलेला हा ब्रिटिश सेनापती नालछ्यातला एक जुना महाल दुरुस्त करून मुक्कामाला येई. चोपदार, कारकून, दुभाषी मध्ये नकोत, ज्याला भेटायचं त्याने सरळ आत यावं, यासाठी त्याने आपल्या बैठकीला 'चार दरवाजे खुले' असा नेम घातला होता. त्याच्या पत्रांत हे हिंदुस्थानी शब्द येतात. भिल नाईकांपासून पाटलांपर्यंत लोक थेट येऊन बोलत.

"बघा, थेट माणसाशी माणूस. त्याच्या आधीच्या फौजांना जे जमलं नाही ते त्याला जमलं."

"आणि विकलं काय त्याने?"

पुतणीला हसू येतं. "राज्य. कंपनीचं."

"मग तू म्हणतेस ते बरोबर आहे. फार मोठा सेल्समन होता."

इथवर वाद काकांच्या बाजूने झुकलेला दिसेल. पण उधारीवर गाडी आली की काकांची पकड ढिली होते, आणि ते स्वतःही हे लपवत नाहीत.

सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या तोंडावर येतो. खर्च सुरू होतो जूनमध्ये. चारेक इंच पाऊस पडून जमीन भिजली की चार-सहा दिवसांत पेरणी उरकायची. त्या चार-सहा दिवसांत बी, खत, तणनाशक सगळं एकदम लागतं. सहकारी सोसायटीचं पीककर्ज मध्य प्रदेशात शून्य टक्क्याने मिळतं, पण मुदतीत फेडलं तर. एकदा थकबाकीत नाव गेलं की ते दार बंद. जो दुसऱ्याचं रान बटाईने करतो त्याच्याकडे दाखवायला कागदच नसतो. अशा माणसाने कुठे जायचं? तो दुकानावर येतो आणि उभा राहतो. त्याच्याकडे तारण म्हणून असते ती फक्त त्याची ओळख.

"अशा वेळी तुम्ही काय करता?" पुतणी विचारते. "बायोडेटा मागता?"

"देतो."

"कशावर?"

"कोण आहे ते बघून. दर वर्षी गुजरातेत कामाला जातो की इथेच असतो, भगोरियाच्या जत्रेला गावी परततो की नाही, गेल्या साली गारपिटीनंतर येऊन सांगून गेला की तोंड चुकवलं. दारू किती. बायको हिशोबाला पक्की आहे का, हे सगळ्यात आधी."

"म्हणजे तुमचा 'वैयक्तिक' रकाना माझ्यापेक्षा मोठा आहे."

"आहे. तिथे तू बरोबर आहेस. ओळख नसती तर त्या माणसाची जमीन पडीक राहिली असती किंवा तो दुप्पट व्याजात गेला असता. एवढं मी मान्य करतो."

"एवढंच?"

"एवढंच, आणि त्याला दोन खुंट्या. पाटीवर नगद भाव वेगळा आणि उधार भाव वेगळा, दोन्ही उघड. आणि वही दोन. एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. माझ्या वहीत जे चढतं ते त्याच्या वहीत त्याच वेळी चढतं. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी पोर असतेच घरी. ती वही घेऊन तो उद्या समोरच्या दुकानात जाऊन म्हणू शकतो, बघा मी कसा फेडतो, मला तुम्ही किती देता? असं दोघांनी केलंय."

"राग नाही आला?"

"आला की! पण वही मीच दिली होती."

सगळ्या बैठकीत मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही दुसरी वही. सावकाराच्या ओळखीत आणि या ओळखीत फरक काय, याचं उत्तर जिव्हाळ्याच्या कमी-जास्तपणात शोधलं तर सापडत नाही. सावकारही जिव्हाळ्याने बोलत असे. आपली पत जिच्यात लिहिलेली आहे ती वही इथे गिऱ्हाइकाच्या घरात आहे, आणि ती घेऊन त्याला उठून जाता येतं.

पुतणी आता जरा खालच्या सुरात एक गोष्ट सांगते. देवास जिल्ह्यातल्या एका डीलरच्या बायकोला रात्री इंदूरच्या रुग्णालयात हलवावं लागलं. ही इंदुरातच होती. रात्रभर बाहेरच्या बाकावर बसली, सकाळी औषधं आणून दिली. "त्या रात्री माझ्या डोक्यात टार्गेट नव्हतं, काका. शप्पथ."

"विश्वास आहे माझा. पुढच्या महिन्यात त्याने ऑर्डर किती दिली?"

"... दुप्पट."

"ती घेतलीस?"

"घेतली."

"त्याचा तेवढा खप होता?"

पुतणी उत्तर देत नाही. धंद्याबाहेरच्या माणसाला ठाऊक नसलेलं एक गणित इथे आहे. बियाणं-औषधांच्या कंपन्या हंगामाआधी माल दुकानात भरतात, त्याला 'प्लेसमेंट' म्हणतात; कंपनीच्या लेखी ती विक्री झाली. दुकानातून शेतकऱ्याच्या हाती गेला तर 'लिक्विडेशन'. दोन्हींतलं अंतर दुकानदाराच्या गोदामात आणि छातीत असतं. रुग्णालयातली रात्र खरी होती. त्या रात्रीची परतफेड म्हणून भरलेला माल हीही खरी गोष्ट होती, आणि परतफेड करणाऱ्याला ती उपकाराची फेड वाटत होती, ओझं नव्हे. अशा वेळी विक्रेत्याने ऑर्डर निम्मी करून घ्यायला हवी होती, असं माझं मत. पण महिनाअखेर असताना, वरून तीन फोन आलेले असताना, समोरचा स्वतः होऊन देत असताना निम्मी करणारा विक्रेता किती काळ नोकरीत राहील, हे मला सांगता येत नाही.

काका त्यावर काही बोलत नाहीत. तेवढ्यात दुकानात एक तरुण येतो, हातात सोयाबीनचं रोपटं. वरची पानं पिवळी पडलीत, फवारा द्या म्हणतो. काका पान उजेडात धरून बघतात. पातं पिवळं, शिरा हिरव्या. पाणी किती दिवस साचलंय, एवढंच विचारतात. आठ दिवसांच्या झडीत काळ्या रानात मुळं गुदमरली की सोयाबीनला लोह घेता येत नाही, पानं अशी दिसतात. विषाणूचा पिवळा मोझॅक वेगळा, त्यात हिरवे-पिवळे ठिपके येतात आणि तो पांढऱ्या माशीने पसरतो. "चर काढ, पाणी जाऊ दे, उघडीप आली की पान हिरवं होईल. फवारा नको," काका सांगतात. पोरगा काही न घेता जातो.

"हे काय होतं मग?" पुतणी विचारते. "हीच तर ओळख. तो आता जन्मभर तुमच्याकडे येईल."

"येईल किंवा नाही येणार. समोरच्याने फवारा दिला आणि तोवर ऊन पडलं, तर गुण फवाऱ्याला जाईल. मी त्याच्या येण्यासाठी नाही सांगितलं. 'देसी'ची पदविका केली ती कशासाठी? पान बघता यावं म्हणून." कृषी-निविष्ठा विकणाऱ्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ मध्ये सुरू केलेला हा एक वर्षाचा अभ्यासक्रम; काकांचं प्रमाणपत्र गल्ल्यामागे टांगलेलं आहे, लक्ष्मीच्या फोटोच्या जरा खाली.

"बरं, आता माझं काम," पुतणी पिशवीतून टॅब काढते. "नवा वाण आहे. तुमच्याकडे किती पिशव्या ठेवू?"

"हे पुतणी विचारते की कंपनी?"

"कंपनी. पुतणी असते तर मी तुम्हाला काहीच विकलं नसतं."

"हे मात्र बरं बोललीस. दहा ठेव. आधी त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघतो. सत्तरच्या वर उगवले तर पुढचं बोलू. आणि उरलेला माल हंगामानंतर कंपनी परत उचलेल, असं लेखी दे."

"लेखी नाही मिळणार काका. तुम्हाला माहीत आहे. पण गेल्या वर्षीचा उरलेला माल कुणी उचलला होता?"

"तू. चार वेळा इंदूरला फोन करून."

"मग माझ्या शब्दावर ठेवा."

काका गल्ल्यातली चिल्लर सारखी करत राहतात. मग विचारतात, "तुझी बदली झाली तर?"

पुतणी टॅबवर बोट ठेवून बसते. 'वैयक्तिक' रकान्याच्या खाली 'शेरा' म्हणून आणखी एक रकाना आहे, तो बहुतेक रिकामाच असतो. ती त्यात लिहिते: डीलर लेखी परतीची हमी मागतो, मिळेपर्यंत १० पिशव्याच. आणि काकांना वाचून दाखवते.

"आता हे वर कोण वाचणार?" काका विचारतात.

"माझ्या जागी जो येईल तो."